क्रूझ लागतं, पण टिकत नाही. सोलापूर–हैदराबाद रोडवर वैताग आलाय

चादरवाला_६५

नमस्कार मंडळी. टॉवेल-चादरींचा होलसेलचा धंदा आहे. दुकान सोलापुरात, उधारी हैदराबादेत. त्यामुळं दर पंधरा दिवसांनी ६५ नंबरच्या हायवेनं जाऊन-येऊन ६०० किलोमीटर ठरलेले. उजव्या टाचेचं हाड वाढलंय, म्हणून २०२१ला जुनी गाडी घेताना हट्टानं क्रूझ कंट्रोलवाली शोधली, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग गाडीच धरून ठेवते ती. २०१७चं मॉडेल, डिझेल, सहा गिअर, मॅन्युअल. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की माझा प्रश्न राहतो बाजूला आणि तुमची आपसात जुंपते.

तक्रार अशी. स्टिअरिंगवरचं बटन दाबलं की मीटरमध्ये क्रूझचा दिवा येतो. ८०ला सेट केलं की गाडी धरते. मग कधी दोन किलोमीटर, कधी वीस, आणि आपोआप सोडून देते. झटका नाही, आवाज नाही. गाडी आपली मंदावत जाते आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवर बसला की मला कळतं. रिझ्यूम दाबलं की लगेच पुन्हा धरते. चेक इंजिनचा दिवा नाही, एबीएसचा नाही.

माझा संशय उन्हावर आहे. पहाटे पाचला बोरामणी नाका सोडला तर उमरग्यापर्यंत कुरकुर नसते. दुपारी परत येताना मात्र जीव खाते. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, ४२ म्हणजे बरा दिवस. आत काहीतरी तापत असणार.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. लॅपटॉप लावला, बिघाडाचा कोड काही नाही. मग म्हणाले, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग आणि बटनांचा सेट बदलून बघू, १६,८०० रुपये. त्यातल्या ‘बघू’वर माझं अडलं. मी कुणाला ‘वापरून बघा’ म्हणून गठ्ठा देत नाही.

कुणाला असा अनुभव आहे का?

रिकामा_गिअर

काका, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा. माझं असंच ठीक झालं होतं.

चादरवाला_६५

केलं. घड्याळ बारा वाजलेलं दाखवतंय आणि रेडिओची स्टेशनं गेली. क्रूझ आहे तसंच.

वायरिंग_मामा

मालक, सोळा हजार खिशातच ठेवा. मी मूळचा सोलापूरचाच, आता भोसरीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, २६ वर्षं झाली. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग बोलतो.

स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवून हॉर्न वाजतो का? रेडिओच्या आवाजाची बटनं चालतात का? एअरबॅगचा दिवा इंजिन चालू झाल्यावर विझतो का?

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगच्या आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सपाट पट्टी. हॉर्न, बटनं, एअरबॅग, सगळ्यांच्या तारा तिच्यातूनच जातात. ती तुटायला लागली की बहुतेक वेळा यातलं आणखी काहीतरी सोबत बोंबलतं. आणि बटनांचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांत क्रूझची सगळी बटनं एकाच तारेवर असतात, प्रत्येकाचा रेझिस्टन्स वेगळा. बटनं खराब असतील तर सेट करतानाच नखरे व्हायला पाहिजेत. तुमचं सेट व्यवस्थित होतं, रिझ्यूम पहिल्या दाबात होतं. म्हणजे बटनं आणि पट्टी निर्दोष असायचा संभव जास्त.

उन्हाचंही पटत नाही. तापून एखादी वस्तू बंद पडली तर ती गार होईपर्यंत बंद राहील ना? तुमची तर रिझ्यूम दाबलं की त्याच क्षणी धरते.

आणि एक. स्टिअरिंगचं कव्हर स्वतः उघडायला जाऊ नका. तिथं एअरबॅग आहे. ती तोंडावर फुटली तर क्रूझचं दुःख विसराल.

चादरवाला_६५

मामा, हॉर्न दोन्हीकडं वाजतो. आवाजाची बटनं चालतात. एअरबॅगचा दिवा विझतो. मग आता?

वायरिंग_मामा

मग क्रूझ बाजूला ठेवा आणि त्याला ‘सोड’ म्हणून कोण सांगतंय ते शोधा.

लोकांना वाटतं क्रूझ नावाचा एक डबा असतो, तो बदलला की झालं. पूर्वी असायचा. व्हॅक्यूमवर चालणारा, त्यातून केबल थेट थ्रॉटलला. आता ॲक्सिलरेटरचं पेडलसुद्धा नुसता सेन्सर आहे. इंजिनचा कॉम्प्युटरच डिझेल कमी-जास्त करतो, त्यामुळं क्रूझ हा त्याचाच एक प्रोग्रॅम. बिघडण्यासारखं त्यात फार थोडं. बिघडतात ती त्याला खबर देणारी माणसं: ब्रेकचा स्विच, क्लचचा स्विच, चाकांचे स्पीड सेन्सर, कॅन्सलचं बटन.

हा प्रोग्रॅम लई संशयी बनवलेला असतो. ब्रेकच्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात. एक पेडल दाबल्यावर जुळतो, त्यानं मागचे लाल दिवे लागतात. दुसरा नेमका उलटा, पेडल दाबल्यावर तुटतो, तो क्रूझसाठी. उलटा अशासाठी की वायर तुटली, कपलर (वायरींचा प्लग) निघाला, पिन गंजली, काहीही झालं तरी कॉम्प्युटरला वाटावं ‘पेडल दाबलं’ आणि त्यानं गाडी सोडावी. कित्येक गाड्यांत क्लचचंही तसंच. म्हणजे हलणारी एक पिन आणि तुमचा पाय, यातला फरक त्याला कळत नाही.

आज रात्री एक काम करा. गाडी दुकानाच्या शटरकडं पाठ करून लावा. इग्निशन ऑन, दिवे बंद. आरशातून शटरवर बघा. ब्रेकला हात न लावता लाल उजेड दिसतो का? पायाच्या अंगठ्यानं पेडलला नुसतं टिचकी मारल्यासारखं करा. तेवढ्यानं उजेड चमकला तर स्विच फार अलीकडं बसलाय, रस्त्याच्या हादऱ्यानंही तो ब्रेक समजेल.

दुसरं, पुढच्या फेरीला वही ठेवा. प्रत्येक वेळी क्रूझ सुटलं की लिहा: कुठं, किती वाजता, त्या क्षणाला गाडीला काय झालं. ‘दुपारी त्रास देते’ यावरून गाडी दुरुस्त होत नाही.

जंपर_किंग

एवढं कशाला. क्लच स्विचच्या दोन्ही वायरी एकत्र पिळा, टेप मारा, विषय संपला. माझ्या गाडीत दोन वर्षं तसंच आहे.

वायरिंग_मामा

आणि क्रूझ चालू असताना सवयीनं क्लच दाबला की? कॉम्प्युटरला क्लच दाबल्याचं कळणार नाही. चाकाकडं ताकद जात नाही, स्पीड पडतोय, म्हणून तो आणखी डिझेल देणार आणि इंजिन बोंब मारत वर जाणार. दोन वर्षांत तुमच्या हे लक्षात आलं नसेल तर तुम्ही क्रूझ वापरतच नाही. आणि हाच उद्योग उद्या कुणी ब्रेकच्या स्विचवर करू नये. तिथं सरळ जीव जातो.

जंपर_किंग

वापरतो हो. पण गिअर बदलायच्या आधी बटनानं बंद करतो.

वायरिंग_मामा

समोर म्हैस आली की बटन शोधत बसणार?

निवृत्त_मास्तर

पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवायचो, म्हणून राहवत नाही. सर्व्हिस सेंटरचं ‘कोड काही नाही’ हे खोटं नसावं, पण त्याचा अर्थ ‘बिघाड नाही’ असा त्यांनी काढला तो चुकला.

कोड केव्हा पडतो? दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा. ब्रेकच्या दोन कॉन्टॅक्टपैकी एक म्हणतो दाबलाय, दुसरा म्हणतो नाही, की पी ०५०४ पडतो. ब्रेक स्विचच्या सर्किटसाठी पी ०५७१, क्लच स्विचच्या सर्किटसाठी पी ०८३०, वाहनाच्या वेगाच्या सेन्सरला पी ०५००. पण क्लचचा स्विच चालत्या गाडीत अर्धा सेकंद तुटून पुन्हा जुळला तर कॉम्प्युटरनं त्याला बिघाड का म्हणावं? माणसं क्लच दाबतातच. तक्रार करण्यासारखं त्याला काही दिसत नाही, तो आज्ञाधारकपणे क्रूझ सोडतो.

म्हणून कोड वाचण्यापेक्षा लाइव्ह डेटा बघावा. चांगल्या स्कॅनरवर ब्रेक १, ब्रेक २ आणि क्लच यांच्या ओळी वेगळ्या दिसतात. पेडलला हात न लावता त्यातली कुठली ओळ पलटते, एवढंच बघायचं. स्वस्तातल्या ब्लूटूथ डोंगलवर या ओळी दिसतीलच असं नाही, तो बहुधा इंजिनपुरतं वाचतो.

थोडं विषयांतर. क्रूझची कल्पना ज्याला सुचली तो राल्फ टीटर हा अमेरिकन इंजिनीयर, वयाच्या पाचव्या वर्षापासून अंध. शेजारच्या सीटवर बसून चालवणाऱ्याचा पाय कसा कमी-जास्त होतो ते त्याला अंगानं कळायचं आणि त्याचा त्याला वैताग यायचा. पेटंट मिळालं १९५०ला, क्रायस्लरच्या गाडीत ते आलं १९५८ला. सांगायचं कारण, वही लिहायची तर तुम्ही चालवू नका. मुलाला चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. चालवणाऱ्याला सुटल्याचं उशिरा कळतं, शेजारच्याला पाठीला लगेच कळतं.

चादरवाला_६५

रिपोर्ट देतो. उशीर झाला, मधे लग्नसराईचा माल होता.

शटरची परीक्षा केली. लाल उजेड आपोआप येत नाही. टिचकीनं येत नाही. नीट दाबलं तरच येतो, सोडलं की लगेच जातो. पण उजेड एकाच बाजूला! डावा बल्ब गेलेला होता, किती महिने कोण जाणे. मागून कुणी सांगितलंही नाही. वाटलं सापडलं. नवा बल्ब घातला, खुशीत तुळजापूर रोडला चक्कर मारली, क्रूझ तिसऱ्या किलोमीटरला सुटलं.

मग हैदराबादची फेरी. मास्तर म्हणाले तसं पोराला चालवायला बसवलं. वही माझ्याकडं. जाऊन-येऊन अकरा वेळा सुटलं. त्यातलं आठ वेळा गाडी पुलाच्या सांध्यावरून नाहीतर रस्त्याच्या ठिगळावरून धडकन गेली तेव्हा. एकदा पोरानं खरंच ब्रेक मारला होता, ते मोजायला नको. दोन वेळा काहीच कळलं नाही, त्यातल्या एका वेळी मी भुरका-भाकरी खाऊन डुलकी काढत होतो, खोटं कशाला बोलू.

आणि मामा, तुमचं ऊन खरं ठरलं, म्हणजे माझं खोटं. पहाटेच्या नोंदी पाच आहेत, दुपारच्या सहा. नळदुर्गच्या अलीकडंच, अजून फटफटलंही नव्हतं, तेव्हा दोनदा सुटलं. एवढे दिवस सकाळी सुटलं की मी डोकं शांत म्हणून रिझ्यूम दाबून पुढं जात होतो. दुपारी टाच ठणकत असते, वसुली झालेली नसते, म्हणून तेवढंच डोक्यात बसलं.

स्पीडचा काटा त्या वेळी मधेच पडतो का तेही बघितलं. पडत नाही, सरळ राहतो.

वायरिंग_मामा

शाब्बास मालक. निम्मं काम झालं. काटा पडत नाही, एबीएसचा दिवा नाही, म्हणजे चाकाचे सेन्सर सध्या सोडून द्या. ब्रेक शटरवर पास झाला, आणि त्याच्या दोन कॉन्टॅक्टमध्ये फरक पडला असता तर कोड दिसायचा. उरतो क्लच. हादऱ्यानं सुटतंय म्हणजे स्विच सैल, नाहीतर कपलर सैल, नाहीतर पेडल वर नीट येऊन टेकत नाही.

आता आठवून सांगा. हे सुरू व्हायच्या आधी डॅशबोर्डखाली शेवटचा हात कुणी घातला होता? क्लच प्लेट, सीट कव्हर, मॅट, साउंड सिस्टम, काहीही.

चादरवाला_६५

क्लच प्लेट नाही. मॅट जुनंच. दसऱ्याला डॅशकॅम बसवला होता, पण तो काचेवर आहे, पेडलपासून चार फूट लांब.

वायरिंग_मामा

कॅमेरा काचेवर. त्याची वायर कुठनं गेलीय?

क्रूझ बिघडलं कधी?

चादरवाला_६५

दिवाळीत.

अरे देवा.

वायरिंग_मामा

झोपा आता खाली. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढून, इग्निशन बंद. सीट पूर्ण मागं. मोबाइलचा टॉर्च. क्लचच्या पेडलची पट्टी वरपर्यंत बघत जा, जिथं ती सुटल्यावर टेकते तिथं अंगठ्याएवढा स्विच दिसेल, मागं कपलर. आधी हात लावू नका, नुसतं बघा आणि फोटो काढा. आपण काढलेली वस्तू पहिल्यांदा कशी होती ते नंतर कुणाला आठवत नाही.

स्विच तपासायचा तर कपलर काढून मल्टिमीटर बीपवर लावा, आतला जोड जुळलेला असला की तो वाजतो. पेडल वर असताना आणि दाबल्यावर बीप बदलली पाहिजे. वर असताना वाजते की दाबल्यावर, हे गाडीगणिक वेगळं असतं, त्यात अडकू नका. पण पेडल स्थिर ठेवून स्विच बोटानं हलवला आणि बीप तुटली तर स्विच गेला. बीप पक्की असेल तर कपलर आणि पिना बघा.

निवृत्त_मास्तर

स्कॅनर मिळाला तर आणखी सोपं. क्लचची ओळ स्क्रीनवर ठेवून दुसऱ्यानं वायर हलवायची. कपलर बसलेला असतानाच ही परीक्षा करावी. तो काढून नुसता स्विच मोजला तर स्विच पास होतो आणि दोष कपलरमध्ये तसाच लपून राहतो.

चादरवाला_६५

सापडलं.

गोडाऊनमध्ये गाडी लावली, दार उघडं, डोकं पेडलखाली, पाय बाहेर. वय ५८, पोट आडवं येतं. हमाल विचारायला लागले, मालकांना काय झालं? एकानं तर पाणी आणलं.

डॅशकॅमची वायर उजव्या पिलरमधून खाली उतरवलीय. तिथनं ती पेडलांच्या वरनं आडवी नेऊन लायटरच्या सॉकेटमागं जोडलीय. लोंबू नये म्हणून त्या पोरानं मधे एक काळा प्लॅस्टिकचा टाय मारला, आणि मारला तो क्लच स्विचच्या वायरीला धरून. करकचून. त्यानं कपलर तिरका ओढला गेलाय, एक बाजू बसलेली, दुसरी अर्धी बाहेर. लॉकची जीभ वर आलेली फोटोत स्पष्ट दिसते.

पुतण्याच्या मित्राकडून स्कॅनर आणला. क्लचची ओळ ‘नाही’ दाखवत होती. टायवर बोटानं टकटक केलं: नाही, होय, नाही, होय, होय, नाही. पेडलला कुणाचा पाय नाही. मास्तर, तुमचा आज्ञाधारक कॉम्प्युटर डोळ्यांनी बघितला. कोड तेव्हाही पडला नाही.

टाय कापला. कपलर पूर्ण काढला, पिना बघितल्या, एक जरा फाकली होती ती बारीक टोकानं दाबून घट्ट केली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, परत बसवला तेव्हा ‘टक्’ असा आवाज आला. स्विचची बीप दोन्हीकडं बरोबर. पेडल पूर्ण वर येऊन टेकतंय.

मग काल फेरी. बोरामणी नाक्यापासून ८०ला लावलं ते नळदुर्गला चहासाठी मीच काढलं. पुढं उमरग्याला गर्दीत ब्रेक मारून काढलं. हुमनाबाद, जहिराबाद, वहीत आपोआप सुटल्याची नोंद शून्य. येतानाही शून्य, आणि ऊन ४१ होतं. वसुलीही झाली, पण ते श्रेय कपलरला देत नाही.

रिकामा_गिअर

खर्च किती आला एकूण?

चादरवाला_६५

बल्ब ४० रुपये. क्लीनरचा डबा २२०. पुतण्याच्या मित्राला शेंगा चटणीचं पाकीट, ते दुकानातलंच. मामांना आणि मास्तरांना चादर पाठवतो, पत्ता खासगीत कळवा. डबल बेडची की सिंगल तेही कळवा.

वायरिंग_मामा

चादर नको मालक, सोलापूरला आलो की हक्कानं जेवायला येतो. टाय कापल्यावर ती कॅमेऱ्याची वायर कुठं बांधली? पेडलवर लोंबत ठेवू नका, पायात अडकेल.

चादरवाला_६५

वर डॅशबोर्डच्या पट्टीला बांधलीय, पेडलपासून लांब. पण कॅमेरा कालपासून बंद आहे. टाय कापताना कात्री वायरीलाही लागली असणार. परत तसंच खाली झोपायला लागतंय, रविवारी, हमाल नसताना.

जंपर_किंग

दोन्ही टोकं पिळा आणि टेप मारा. इथं चालतं ना मामा?

वायरिंग_मामा

इथं चालतं. सोल्डर केलं तर बरं. आधी लायटरचा फ्यूज बघा, कात्री लागली तेव्हा तोच उडाला असेल.